पत्र्याचं आडोशाचं कुंपण: खाडीच्या हवेत आणि पावसाळी वाऱ्यात टिकेल असं

पत्र्याचं कुंपण पडलेलं कुठे दिसलं तर खांबाच्या बुडाशी वाकून बघा. पत्रा बहुतेक वेळा धड असतो, रंगही शाबूत असतो. खांब मात्र जमिनीलगतच्या दोन-चार इंचांत गंजून पापुद्रे सुटलेला असतो, नाहीतर काँक्रीटच्या उथळ गोळ्यासकट उपटून आडवा झालेला असतो. म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत रो-हाउसच्या, बंगल्याच्या कडेला पत्र्याचा आडोसा करायचा असेल, तर निम्म्याहून जास्त लक्ष आणि पैसा जमिनीत आणि जमिनीलगतच्या वीतभर भागात घाला. पत्र्याचा रंग दुकानात उभ्या उभ्या ठरतो. खांब एकदा गाडला की त्याच्याकडे पुन्हा जाता येत नाही.

खाली धरलेला नमुना असा: ६ मीटर म्हणजे साधारण २० फूट लांबीची एक बाजू, त्यात दोन-दोन मीटरचे तीन गाळे (दोन खांबांमधला भाग म्हणजे एक गाळा) आणि चार खांब. दीड मीटरपर्यंत भरीव पत्रा, त्याच्या वर उघडी जाळी, एकूण उंची २.२ मीटर. तुमची लांबी वेगळी असेल तर गाळे वाढवा, पण दोन खांबांतलं अंतर वाढवू नका. दोनऐवजी तीन मीटरवर खांब घेतले की एक-दोन खांब वाचतात, आणि पहिल्या मोठ्या वादळात तेवढेच गाळे जातात.

वारा किती ढकलतो

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेला होता. या वेगाचा वारा सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ६० किलोंचा दाब टाकतो. आपल्या एका गाळ्यात पत्र्याचं क्षेत्र होतं २.८ चौरस मीटर, म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या आसपास. दोन-तीन धट्टेकट्टे गडी एकाच वेळी पत्र्याला खांदा लावून ढकलताहेत असं समजा. दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. आपल्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला हाच दाब जवळजवळ दुप्पट होतो.

हा आकडा डोक्यात ठेवला की फॅब्रिकेशनवाल्याशी बोलणं सोपं जातं. तो म्हणणार, "साहेब, दीड इंची पाईप घ्या, दीड एमएमची, काय होत नाय." पत्र्याची शेड आणि पत्र्याची भिंत यांत फरक आहे. शेडला चारी बाजूंनी खांब आणि वरून आडवे-तिडवे बांध असतात, कुंपणाच्या खांबाला फक्त जमिनीचा आधार. सगळा पीळ त्याच्या बुडाशी येतो. या उंचीला आणि दोन मीटरच्या गाळ्याला ६० बाय ६० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी पाईपच घ्या. ५० बाय ५० ची ३ मिलिमीटर जाडीची घ्यायची असेल तर खांब दीड-दीड मीटरवर आणा.

दुसरा शत्रू हवा. खाडीलगत वाशी, ऐरोली, कोपरखैरणे, कळवा या पट्ट्यात हवेत मीठ असतं, आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या कडेला त्यात कारखान्यांच्या धुराचीही भर पडते. पुण्यात विनातक्रार वर्षानुवर्षं टिकणारा स्वस्त पत्रा इथे लवकर तांबूस पडतो, तो त्यामुळे.

परवानगी आणि हद्द

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, कुंपणभिंतीची उंची सर्वसाधारणपणे समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर धरली आहे. वरचा ०.९ मीटर भाग उघडा, जाळीचा असेल तर २.४ मीटरपर्यंत मंजुरी मिळू शकते. आपला नमुना दीड मीटर भरीव आणि वर जाळी असा ठेवलाय तो याच हिशेबानं. वाऱ्याच्या दृष्टीनंही तेच शहाणपणाचं, कारण वरच्या भागावर बसणारा धक्का खांबाला सगळ्यात जास्त पिळतो, आणि तोच भाग इथे मोकळा राहतो. उंची रस्त्यापासून मोजतात हे विसरू नका. तुमचं अंगण रस्त्यापेक्षा फूटभर उंच असेल तर तेवढं आधीच वजा होतं. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकाच्या बाजूनं नियम आणखी कडक आहेत, कारण वळणावर गाडी दिसली पाहिजे.

काम काढण्याआधी ठाण्यात ठाणे महापालिकेच्या, ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिकेच्या आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या भागांत पनवेल महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. सिडकोचा भाडेपट्ट्याचा प्लॉट असेल तर करारातल्या अटी वाचा. रो-हाउसची सोसायटी किंवा असोसिएशन असेल तर लेखी ना-हरकत घ्या.

हद्द नजरेनं ठरवू नका. सिडकोच्या प्लॉटला करारासोबतचा नकाशा असतो. गावठाणात आणि जुन्या ठाण्यात मालमत्ता पत्रक किंवा सातबारा असतो. वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. आणि खांबच नव्हे, तर खड्ड्याची बाहेरची कडसुद्धा तुमच्या हद्दीत राहिली पाहिजे. खड्डा ४० सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे खांबाचा मध्य हद्दीपासून किमान २० सेंटीमीटर आत येतो. ही वीतभर जागा सोडताना जीव खालीवर होतो हे मान्य, पण शेजाऱ्याच्या जमिनीत गेलेला काँक्रीटचा गोळा पुढे त्याच्या विक्रीच्या वेळी वर येतो.

शेजाऱ्यांना आधी सांगा. पत्र्याचे स्क्रू बाहेरच्या बाजूनं बसतात, तेव्हा एक-दोन दिवस त्यांच्या अंगणात उभं राहावं लागणार आहे.

सामान

खांबांना ६० बाय ६० ची पाईप. ती २० फुटी नगात येते. ६ मीटरचे बरोबर दोन खांब निघतात, ३-३ मीटरचे, एक इंचही वाया जात नाही. त्यातला ०.८ मीटर जमिनीत, २.२ मीटर वर. चार खांबांना दोन नग. आडव्यांसाठी ४० बाय ४० ची, २ मिलिमीटर जाडीची पाईप, चार नग: तीन पत्र्यामागे, एक जाळीच्या वर.

पाईप किलोवर विकली जाते, आणि याचाच तुम्हाला फायदा आहे. ६० बाय ६० बाय ३ चा ६ मीटरचा नग साधारण ३१ किलो भरला पाहिजे, ४० बाय ४० बाय २ चा साधारण १४ किलो. काट्यावर २५ किलो आला तर ती ३ मिलिमीटरची पाईप नाही, दुकानदार काहीही म्हणो. जाडी टोकाला व्हर्नियर लावूनही बघता येते, पण कापलेल्या कडेला बर, म्हणजे वर आलेली खरखरीत धार, असते आणि माप फुगतं. वजन खोटं बोलत नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात भाव चांगला मिळतो हे खरं, पण सहा नगांसाठी टेम्पोचं भाडं धरलं की फरक उरत नाही. जवळच्या हार्डवेअरवाल्याकडून किंवा वागळे इस्टेटमधून घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगला पत्रा घ्या.

पत्रा मागताना गेज सांगू नका, मिलिमीटर सांगा. गेजचा अर्थ दुकानागणिक बदलतो. ०.५० मिलिमीटर घ्या. ०.३५ चा पत्रा हातानं दाबला तरी पोचा येतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न कोटिंगचा: "किती जीएसएम?" म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम थर. १२० जीएसएम किंवा त्याहून कमी जस्ताचा पत्रा स्वस्त असतो, तो खाडीकाठी घेऊ नका. साध्या गॅल्व्हनाइज्डमध्ये २७५, किंवा अॅल्युमिनियम-जस्त मिश्रणाच्या, म्हणजे गॅल्व्हाल्युमच्या पत्र्यात १५० मागा. या मिश्रणात निम्म्याहून जास्त अॅल्युमिनियम असतं आणि खाऱ्या हवेत ते साध्या जस्तापेक्षा बरंच जास्त टिकतं. कलर कोटेड घेत असाल तर रंगाच्या खाली कोणता थर आहे ते विचारा. आणखी एक, जे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही: कलर कोटेड पत्र्याचा चांगला रंग एकाच अंगाला असतो. मागच्या अंगाला करडा किंवा पांढुरका पातळ हात असतो. आपल्या रचनेत पत्रा बाहेरून बसतो, म्हणजे रोज चहा पिताना ती करडी बाजू तुम्ही बघणार. दोन्ही अंगांना रंग असलेला पत्रा मागवता येतो, तो मागवा.

जुन्या गोल पन्हळीचा पत्रा आणि हल्लीचा चौकटदार पन्हळीचा पत्रा, दोन्ही चालतात. चौकटदार पत्रा एकूण साधारण १.०७ मीटर रुंद असतो आणि जोड धरून १ मीटर झाकतो. म्हणजे आपल्याला सहा पत्रे लागतील. लांबी १.४ मीटर अशीच कापून मागवा, कारखान्यात ती नीट कापली जाते. दुकानदाराची रुंदी वेगळी असेल तर आधी मोजा आणि मग नग ठरवा.

स्क्रू सेल्फ ड्रिलिंग, षटकोनी डोक्याचे, ५.५ बाय २५ मिलिमीटर, काळ्या रबरी वायसरचे. शंभर-सव्वाशे घ्या. स्क्रूवर काटकसर करणं म्हणजे २७५ जीएसएमच्या पत्र्याला शंभर गंजकी भोकं पाडणं.

खांब उभे करण्याआधी

पाईप हाताळायला सोपी असते ती जमिनीवर आडवी असताना. म्हणून वेल्डिंग आणि रंग, दोन्ही कामं खांब गाडायच्या आधी.

वेल्डिंग स्वतः करण्याच्या फंदात पडू नका. फॅब्रिकेशनवाल्याकडून प्रत्येक खांबाच्या एकाच अंगाला अँगलचे चार छोटे तुकडे, म्हणजे क्लीट, वेल्ड करून घ्या. त्यांवर आडव्या पाईप बसतील आणि बोल्टनं आवळल्या जातील. जमिनीच्या खुणेपासून आडव्यांचे मध्य ०.१५, ०.८, १.४५ आणि २.१५ मीटरवर येऊ द्या. खांबाचं वरचं तोंड पत्र्याची टोपी वेल्ड करून पूर्ण बंद करा. उघड्या तोंडाची पाईप पावसाळ्यात पाण्यानं भरते आणि आतून गंजते. बाहेरून काही कळत नाही.

पाईप काळी घ्यायची की गॅल्व्हनाइज्ड? गॅल्व्हनाइज्ड मिळाली तर घ्या. तिला वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत जाऊ नये. वेल्डरला सांधा ग्राइंडरनं घासून मगच आणि उघड्यावर वेल्ड करायला सांगा. वेल्डच्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंक-रिच प्रायमरचे दोन हात द्या. गॅल्व्हनाइज्डवर साधा ऑइलपेंट थेट मारू नका, तो जस्ताशी जुळत नाही आणि वर्षभरात पापुद्र्यांनी सुटतो. आधी एचिंग प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा अस्तर-रंग, लागतो. काळी पाईप असेल तर तारेच्या ब्रशनं घासा, थिनरनं तेल पुसा, मग एपॉक्सी प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडलेला खांब इथे फार दिवस काढत नाही.

आता तो वीतभर भाग. काँक्रीटच्या आतलं लोखंड सहसा गंजत नाही, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा धरून ठेवतं. उघड्या हवेतलं लोखंड रंग वाचवतो, आणि रंग पुन्हा देता येतो. मरतो तो दोन्हींच्या सीमेवरचा भाग. तिथे पाणी थांबतं, माती आणि पाला चिकटतो, पालापाचोळ्याखाली ओल महिनोन्महिने टिकते, आणि ब्रश तिथे पोचत नाही. म्हणून प्रत्येक खांबावर जमिनीची खूण करा आणि तिच्या खाली १५ व वर १५ सेंटीमीटर एपॉक्सीचे दोन जास्तीचे हात, चारी बाजूंनी, कोपऱ्यांवर जरा दाबून द्या. कोपऱ्यावर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. हे वाळायला एक दिवस द्या. घाईनं ओला खांब खड्ड्यात उतरवला तर सगळा रंग खडीवर घासून निघतो.

खड्डे

खणण्याआधी खाली काय आहे ते शोधा. रो-हाउसच्या कडेनंच पाण्याची लाइन, ड्रेनेजची चेंबर्स, महावितरणची भूमिगत केबल आणि महानगर गॅसची पिवळी नळी जाते. मीटरपासून रस्त्याकडे आणि गॅसच्या रायझरपासून, म्हणजे भिंतीवरच्या उभ्या नळीपासून, बाहेर सरळ रेषा डोळ्यांनी ओढा. तिच्या आसपास खड्डा येत असेल तर खांब सरकवा, गाळा थोडा लहान-मोठा झाला तरी चालेल. तिथे पहार मारायचीच नाही, खुरप्यानं हळूहळू उकरायचं. शंका असेल तर आधी त्या त्या सेवेच्या तक्रार क्रमांकावर फोन करा.

दोन टोकांच्या खांबांच्या जागा ठरवा, दोरी ताणा, मधले दोन खांब दोरीवर मोजून खुणा करा. टोकाच्या खांबांच्या बाहेरच्या कडा धरून एकूण ६ मीटर ठेवा, म्हणजे आडव्या पाईप न कापता बसतात. घराच्या भिंतीशी काटकोन हवा असेल तर गुण्या लहान पडतो. ३-४-५ चं माप घ्या: एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं ५ आलं की काटकोन झाला.

खड्डा ४० बाय ४० सेंटीमीटर, खोली ९० सेंटीमीटर. वरून रुंद आणि खाली निमुळता झालेला खड्डा उपयोगाचा नाही. बाजू सरळ ठेवा, जमलं तर बुडाशी थोडा जास्त रुंद करा. नवी मुंबईत बऱ्याच नोडमध्ये, म्हणजे सिडकोनं वसवलेल्या उपनगरांत, वर भराव आणि खाली खाडीची मऊ माती लागते. कुदळ लोण्यात जावी तशी जात असेल तर आणखी एक वीत खाली जा. घोडबंदरच्या डोंगराकडच्या अंगाला उलट होतं, मुरमानंतर दीड-दोन फुटांवर काळा पाषाण. तिथे फोडत बसू नका. खडकात हॅमर ड्रिलनं चार भोकं पाडून १२ मिलिमीटरच्या सळ्या केमिकल अँकरनं, म्हणजे भोकात भरायच्या रासायनिक चिकट मसाल्यानं, बसवा आणि त्या सळ्या खड्ड्यातल्या काँक्रीटमध्ये येऊ द्या.

काँक्रीट

एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग २० मिलिमीटरची खडी. चार खड्ड्यांना पाच गोणी सिमेंट पुरतं. एका गोणीला पाणी २५ लिटरपेक्षा जास्त नाही, रेती ओली असेल तर त्याहून कमी. माल ओतायला सोपा जावा म्हणून मजूर पाण्याची बादली रिकामी करतो, तिथे तुम्ही उभं राहिलं पाहिजे. पातळ मालाचं काँक्रीट वाळल्यावर सच्छिद्र होतं आणि पाणी शोषून घेतं.

खड्ड्याच्या तळाला १० सेंटीमीटर काँक्रीट घालून एक रात्र सोडा. दुसऱ्या दिवशी टोकाचे दोन खांब त्यावर उभे करा. क्लीट आधीच वेल्ड केले आहेत, म्हणून चारही खांबांवरची जमिनीची खूण एकाच पातळीत आली पाहिजे. यासाठी गवंड्याची पाण्याची नळी सगळ्यात भरवशाची, अंगण उताराचं असलं तरी. कमी-जास्त वाटलं तर खांबाखाली विटेचा नव्हे, पोलादी पट्टीचा तुकडा सारा. दोन लगतच्या अंगांना ओळंबा लावा, दोन दिशांनी लाकडी टेके ठोका, आणि मगच माल ओता. थर-थर ओतत सळीनं चांगला खोचा, कोपऱ्यांत पोकळी राहू देऊ नका. टोकाच्या दोन खांबांना वर-खाली दोरी बांधून मधले खांब त्या दोरीला अलगद टेकतील असे उभे करा.

वरचं तोंड जमिनीपासून दोन इंच उंच घ्या आणि थापीनं चारी बाजूंना उतार द्या, म्हणजे पाणी खांबापासून लांब वाहून जाईल. माल बसला की गोणपाट गुंडाळून सात दिवस पाणी मारा. आडव्या पाईप तीन-चार दिवसांनी चढवा, पत्रा मात्र सात दिवसांआधी नको. काँक्रीट सुकताना पाईपभोवती केसासारखी फट पडते. ती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं भरून टाका. पाच मिनिटांचं काम आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही. पुढे कधी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवाल तेव्हा हा उंच गळा ब्लॉक आणि मातीखाली गाडला जाणार नाही एवढं त्या माणसाला बजावून सांगा.

आधीच तीन फुटी भिंत असेल तर

नवी मुंबईच्या रो-हाउसमध्ये हीच स्थिती जास्त आढळते. कमरेएवढी विटांची भिंत आहे आणि तिच्यावर पत्रा चढवायचा आहे. सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे भिंतीच्या डोक्यावर बेस प्लेट ठेवून अँकर फास्टनर मारणं. तो करू नका. हिशेब बघा: भिंतीवर १ मीटर उंच पत्रा, दोन मीटरचा गाळा, तौक्तेसारखा वारा. धक्का झाला १२० किलो, अर्ध्या मीटर उंचीवर. प्लेटवरच्या फास्टनरांत १० सेंटीमीटर अंतर असेल तर एका बाजूच्या फास्टनरांच्या जोडीवर ६०० किलोंच्या आसपास ओढ येते. चार इंची विटेच्या भिंतीत तेवढा जीव नसतो. फास्टनर सुटतो, किंवा वरचे दोन थर घेऊन पत्राच खाली येतो, आणि पलीकडे माणसं किंवा पार्क केलेल्या गाड्या असतात.

खांब भिंतीच्या आतून, स्वतःच्या खड्ड्यात, वरच्याप्रमाणेच जमिनीतून घ्या. भिंतीला फक्त शेजारी उभी राहू द्या. पत्रा भिंतीच्या माथ्यावर बोटभर फट ठेवून सुरू करा. खणताना भिंतीचा पाया उघडा पडणार नाही हे बघा, दोन खड्डे एकाच वेळी न खणता एक खणून भरा आणि मग दुसरा. भिंतीत आरसीसी खांब आणि वर आरसीसी पट्टा असेल तर त्यावर प्लेट बसवता येईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवून ठरवा.

पत्रा बसवणं

पन्हळी उभ्या ठेवा. आडव्या पन्हळीत धूळ आणि खारं पाणी साचून राहतं. आडव्या पाईप बाहेरच्या अंगाला, त्यांच्यावर पत्रा, म्हणजे बाहेरून कोणाला पाय ठेवायला जागा राहत नाही. पत्रा आणि पाईप यांच्यामध्ये ईपीडीएम रबराची पातळ पट्टी चिकटवा, नाहीतर जुलैच्या रात्री खडखडाट ऐकत पडावं लागेल.

खाली १० सेंटीमीटर मोकळे सोडा. पत्रा मातीला किंवा ओल्या सिमेंटला टेकला की त्याची खालची कड आधी जाते, आणि गॅल्व्हाल्युमला सिमेंटची अल्कली अजिबात सोसत नाही. पावसाळ्यात अंगणातलं पाणीही याच फटीतून जातं. पूर्ण बंद कुंपणानं पाणी अडवलं तर ते तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या पायरीवर चढतं. घुशींसाठी फटीला वेल्डेड जाळी लावा. घुशी खांबाच्या बुडाची माती पोखरतात, म्हणून हे नुसतं स्वच्छतेपुरतं नाही.

आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. पत्रे लावायला त्याच्या उलट टोकापासून सुरुवात करा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूकडे सरकत या. असं केलं की प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते आणि झोत आत शिरून पत्रा उचकटत नाही. पहिला पत्रा ओळंब्यात लावा. तो किंचित कलला तरी पुढचे सगळे पत्रे त्याच्यासोबत कलतात. खालच्या कडांसाठी दोरी ताणून ठेवा.

छपरावर स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारतात, कारण खळग्यातून पाणी वाहतं. कुंपणाला उलट: स्क्रू खळग्यात, जिथे पत्रा पाईपला टेकतो तिथे. उंचवट्यावर मारला तर पत्रा चेपतो. खालच्या आणि वरच्या आडव्याला पत्र्यामागे पाच, मधल्याला चार स्क्रू पुरतात. जोडाच्या कडेवर हात सैल सोडू नका, फाटायला सुरुवात तिथूनच होते. ड्रिल मध्यम गतीला ठेवा. रबरी वायसर कडेनं किंचित फुगलेला दिसला की थांबायचं. वायसर वाटीसारखा वाकला म्हणजे जास्त आवळलं, उन्हात तो तडकणार.

पत्रा कापायची वेळ आली तर पत्र्याची कात्री किंवा निबलर वापरा. ग्राइंडर नको. त्याच्या ठिणग्या कडेचं जस्त जाळतात आणि आजूबाजूच्या रंगात रुततात. ड्रिलचा कीसही तसाच. काम संपल्यावर स्क्रूच्या खाली बोट फिरवून बघा, मोहरीएवढे लोखंडी कण हाताला लागतात. रात्रीच्या दवातच ते तांबडे होतात आणि सकाळी नव्या पत्र्यावर गंजाचे ठिपके दिसतात. त्याच संध्याकाळी मऊ ब्रशनं झाडून पाण्यानं धुवा.

पत्र्याची कड सुरीसारखी असते. जाड हातमोजे, चष्मा, पायात बूट, आणि वारा असलेल्या दिवशी एकट्यानं पत्रा उचलायचा नाही. वरच्या कडेवर एल आकाराची पट्टी बसवा, मुलं तिथे हात ठेवणारच. पत्र्याच्या वरच्या भागात वेल्डेड जाळी किंवा चौकोनी बारचं ग्रील चालतं.

कुंपणावर दिवा किंवा बेल लावणार असाल तर कुंपणाला अर्थिंग आणि त्या सर्किटला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. एसीच्या पाण्याची नळी पत्र्यावर ठिबकत असेल तर ती वळवा. तांब्याच्या कॉइलवरून आलेलं पाणी तांब्याचे अंश घेऊन येतं आणि ते जस्ताला खातात. ठिबकेची रेघ पत्र्यावर स्पष्ट उमटते.

वेल आणि देखभाल

वरच्या जाळीवर वेल छान दिसते, आडोसाही पुरा होतो. गोकर्णासारखी हलकी वेल लावा. मधुमालती दोन वर्षांत एवढी दाट होते की उघडी जाळी वाऱ्याला भरीव भिंतीसारखी लागते. कोणतीही वेल असो, मे महिन्यात कडक छाटा. रोपांची माती खांबाच्या गळ्यावर चढू देऊ नका.

काम दिवाळीनंतर काढा आणि मार्चपर्यंत आटपा. पावसाच्या तोंडावर खणलेल्या खड्ड्यात पाणी भरतं आणि काँक्रीट कधीच धड बसत नाही.

वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, साध्या पाण्याच्या पाइपनं कुंपण धुवा. सज्जाखालचा जो भाग पावसात भिजत नाही तो आधी धुवा, कारण तिथलं मीठ कोणी धुऊन नेत नाही. खांबांच्या बुडाचा पाला काढा, सीलंट सुटलं असेल तर पुन्हा भरा, तांबडा ठिपका दिसला तर त्याच आठवड्यात घासून झिंक-रिच प्रायमर लावा. मग प्रत्येक खांब छातीच्या उंचीला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. बुडाशी काँक्रीट आणि माती यांच्यात फट उघडझाप करताना दिसली, तर पाऊस सुरू होण्याआधी त्या खांबाभोवती खणून काँक्रीटचा गोळा मोठा करून घ्या.